लोण्याचा घास

४ मार्च
चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

दोन्हीकडच्यांचा बाजार कसा चाललाय, विचारलंस. ऐक. आपल्या आणि पलीकडच्या लोकांच्या मारामाऱ्या थांबल्यापासून इथे रीत पडली आहे: विकणाऱ्याने आधी स्वतः खायचं, मग गिऱ्हाईक घेणार. विषाची भीती. मी दिवसभर माझ्याच काकड्या चावते, शेळीसारखी. शेजारच्या ओट्यावर पलीकडची लोणीवाली. ती लोणी चाटते. आम्ही एकमेकींकडे बघत नाही.

परवा पाहुणे आले, कॅमेरे घेऊन. बाजार समितीच्या साहेबांनी फर्मावलं, आज आधी चव घ्यायची नाही, विश्वास दिसला पाहिजे. लोणीवाली म्हणाली, पाहुण्यांची वाट बघण्यात लोणी उन्हात नासलंय. साहेब म्हणाले, फोटोत वास येत नाही. फोटोसाठी तिने मला भरवलं, मी हसत गिळलं. फोटो बिघडला म्हणून दुसरा घास.

घरी आल्यापासून उलट्या चालू आहेत. कोणाला बोलू नकोस. आपल्या माणसांना कळलं तर विष घातलं म्हणतील आणि तिचं घर पेटवतील.

लोभ आहेच, तो राहू दे.
तुझी ताई

९ मार्च
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

माझ्या ताटातली साय पळवायचीस, त्याची ही फेड, असं लिहिणार होतो. हात वळला नाही. ते लोणी साहेबांना चाटवायला हवं होतं. डॉक्टरकडे जा आणि तडक इकडे ये. भाऊजींना मारताना पलीकडच्यांना आपली दया आली होती का? तू तिच्यासाठी कशाला मरतेस?

रागावू नकोस, माया असू दे.
धाकटा

१५ मार्च
चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

डॉक्टरकडे गेले नाही. त्याचा कंपाउंडर आपल्याच गल्लीतला, तोंडात तीळ भिजत नाही. मीठ-साखरेच्या पाण्यावर निभावलं. तुझे भाऊजी मी विसरलेले नाही. त्या बाईची बोटं आठवली की अजून शिसारी येते. पण लोण्यात विष नव्हतं.

आज बाजारात उभी राहिले. माझा दीर दोघा दोस्तांना घेऊन आला. मला परसात ओकताना कोणी पाहिलं होतं. त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, वहिनी, हिने काय खाऊ घातलं? लोणीवालीचा हात थांबला. मी म्हटलं, स्वतःच्याच काकड्या बाधल्या.

दिराचा चेहरा पडला. मी वाचले याचा आनंद तिघांपैकी एकाच्याही तोंडावर नव्हता. पुढ्यातलं ताट उचलून नेल्यासारखे बघत राहिले. मला पुन्हा उमळून आलं. त्यांच्यादेखत गिळलं.

तिकडे येणार नाही. एक बाजार चुकवला तर ते पुन्हा विचारायला येतील, आणि उत्तर द्यायला मी नसेन.

आठवण ठेव.
ताई