हलव्याचा डबा

प्रिय वासिफ,

बोलणी पक्की होईपर्यंत फोन नाही, ही अम्मीची अट. पत्राबद्दल ती काही बोललेली नाही, म्हणून लिहितेय. तुझ्या घरून मला मागणी आली त्याला किती महिने झाले, आणि दोन्ही घरं फुगून बसलीत. अब्बा म्हणतात, तुम्हा दिघीकरांचं मन फिरलं. तुमच्याकडे काय म्हणतात, हे कळायला मार्ग नव्हता.

त्यात ऑफिसमधली गंमत ऐक. न्हावा शेवा बंदरातल्या ट्रेलरचा आणि क्रेनचा मेळ आमचा जावा भाषेतला प्रोग्रॅम घालतो; त्यात प्रत्येकाचं काम बघणारा एकेक धागा असतो, त्याला थ्रेड म्हणतात. ट्रेलरचा थ्रेड ‘वेट’ म्हणत झोपतो, काम झालं की क्रेनचा थ्रेड ‘नोटिफाय’ करून त्याला उठवतो. परवा एक थ्रेड झोपला तो उठेचना. क्रेनने तर हाक मारलेली! तुला माझा स्वभाव माहीत आहे, जेवणाचा डबा तसाच ठेवून खोदत बसले. शेवटी सापडलं. क्रेनने हाक मारली तेव्हा हा बाबा झोपलाच नव्हता. वाट बघणारं कुणी नसेल तर जावा हाक जपून ठेवत नाही, ती वाया जाते. मग हा निवांत झोपला, आणि परत हाक मारणार कोण? उपाय साधा आहे. काम झाल्याची खूण ठेवायची, आणि झोपण्याआधी ती बघायची, उठल्यावरही बघायची.

हे दुरुस्त करता करता आपलीच भानगड डोक्यात शिरली. आमच्या घरात होकार तोंडाने देत नाहीत, हलव्याचा डबा पाठवतात, आणि दुसऱ्यांदा तर मुळीच पाठवत नाहीत. आमचा डबा फेरीबोटीवरच्या चंदरकडे दिला होता. अब्बांनी त्याला पुढे कधी विचारलं नाही, मान आडवा आला. रविवारी आगरदांड्याच्या जेट्टीवर मीच गाठलं त्याला.

"न्हेला व्हता ना," तो म्हणाला, "पन घराला कुलूप. समदी पनवेलला, म्हातारीच्या डोल्याच्या ऑपरेशनला. हलवा नासंल म्हनून आमीच खाल्ला."

त्या बिचाऱ्याला काय माहीत, तो काय खातोय. तुम्ही परत आलात आणि उत्तराची वाट बघत बसलात. आम्ही तुमच्या पुढच्या बोलण्याची.

म्हणून खूण कागदावर ठेवतेय, केव्हाही बघ, ती इथेच असेल: होकार आहे. अम्मी-अब्बांचाही, आणि माझा तर पहिल्या दिवसापासून. हे तुझ्या अम्मीला वाचून दाखव. डबा अजून चंदरकडेच आहे. तो मागून घ्या, पण रिकामा परत पाठवू नका.

तुझीच, आता असं लिहायला हरकत नसावी,
आतिफा