पन्हळीचा तिसरा जोड

मी, नळजोडणीचा धंदा करून स्वतःच्या हिमतीवर घर केलेला, वय वर्षे एकाहत्तर, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. तसा दाखला तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी दिला आहे. कान बुद्धीपेक्षाही ठीक आहेत. भिंतीला कान लावून गळती कुठे आहे ते सांगायचो, म्हणून गिऱ्हाइकं मला 'कानवाले' म्हणत. त्या कानांनी आयुष्यभर पोट भरलं आणि म्हातारपणी जीव खाल्ला. तो प्रकार पाचव्या कलमात येईल.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडची गॅलरी, माझ्या पश्चात माझ्या पत्नीचे, आणि तिच्या पश्चात आमच्या मुलीचे. गॅलरीला काचा लावून खोली वाढवावी असे जावई मुलीच्या कानात सांगत असतात. ते मला ऐकू गेले नाही असे त्यांना वाटते. गेले आहे. गॅलरीला काच लागता कामा नये.

२. बँकेतली सर्व शिल्लक पत्नीची. तिने कशावर खर्च केला हे कोणी विचारू नये. मीही कधी विचारले नाही, कारण विचारायच्या आधीच ऐकू आलेले असायचे.

३. पाने, पकडी आणि आटे पाडायची सगळी हत्यारे मुलीला. तिला पाइप हातात धरता येतो. जावयांना वायसर बदलायला सांगा, ते आधी पाणीपुरवठ्याचा इतिहास सांगतील. ड्रिल मशीन यात धरू नये.

४. माझे थोरले बंधू या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा जिन्यातच वहिनींना म्हणाले होते, "नळवाल्याचं घर, ओल असणारच." दार बंद होते, पण मी आत होतो. त्यांना माळ्यावरचे जुने पितळी नळ द्यावेत. एकही गळत नाही. त्यांच्या स्वयंपाकघरातला गळतो. मला फोनवरूनही ऐकू येतो.

५. आता कॅलिब्रकोआ. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: पेटुनियासारखीच फुले, पण नखाएवढी, आणि एका टोपलीतून झुपक्यांनी खाली लोंबणारी. सुकलेली खुडावी लागत नाहीत, आपली आपण गळतात. हिने त्यांचं नाव 'घुंगरं' ठेवलं आहे.

आमच्या बरोबर वर मास्तर राहतात. निवृत्त संगीतशिक्षक, विधुर, आवाज अजून गोड. त्यांनी कठड्याला टोपल्या टांगून ही फुले लावली, आणि वेली उतरल्या थेट आमच्या गॅलरीसमोर. म्हणजे खुर्ची माझी, चहा माझा, बायको माझी, आणि तिची नजर मास्तरांच्या फुलांवर.

"काय रंग आहे हो!" ही म्हणायची. मी बसवलेल्या एकाही नळाला आजवर असं म्हणाली नाही.

मग मीही टोपल्या आणल्या आणि आमच्या कठड्याला टांगल्या. लगेच मास्तर वरून वाकले. "वहिनी, नळाचं पाणी नका घालू, जड असतं. मी पावसाचं साठवतो, त्यात थोडं खत कालवतो." पाहा, टोपल्या माझ्या आणि सल्ला वहिनींना! शिवाय जड पाण्याचं मला शिकवणार? क्षारांनी बुजलेले पाइप फोडण्यात माझा जन्म गेला. मी हट्टाने नळाचंच पाणी घातलं, आणि तरीही माझी फुलं वरच्यांना तोडीस तोड आली. मी मिशीत हसत होतो.

एकच खुपत होतं. सकाळी मास्तर पाणी घालायचे, त्यांच्या टोपल्यांतून थेंब आमच्याकडे टपकायला लागायचे, आणि ती खूण असल्यासारखी ही चहा सोडून गॅलरीत जायची. मग वर-खाली गप्पा. ही घरात हसते ते हसणं वेगळं आणि वर बघून हसते ते वेगळं. मला स्वयंपाकघरातूनही फरक कळतो.

मी वर गेलो. म्हटलं, "मास्तर, तुमचं पाणी आमच्याकडे गळतं. पत्र्याची पन्हळ लावून देतो."

"अहो, कशाला उगाच त्रास?"

"गळती ऐकू आली की मला घास जात नाही."

मास्तरांच्या टोपल्यांखाली मी पन्हळ ठोकली, पाणी कोपऱ्यातल्या पाइपात सोडलं. थेंब बंद. हिची सकाळची फेरीही बंद. मी दोन कप चहा प्यायलो.

थोड्याच दिवसांत माझी पानं पिवळी पडली. शिरा तेवढ्या हिरव्या. कळ्या धरेनात. मी माती बदलली, मुळं कुजलीत का पाहिलं, नर्सरीवाल्याशी भांडलो. फक्त मधल्या टोपलीची एक बाजू भरभरून फुलत होती. वर बघितलं. पन्हळीचा तिसरा जोड गळत होता. माझ्या हातचा जोड! आणि त्याच थेंबाखाली तेवढीच फुलं. लोकांच्या गळत्या बंद करून मी घर केलं, आणि माझी फुलं मात्र मास्तरांच्या गळतीवर जगत होती.

सिलिकॉनची नळी घेऊन मी स्टुलावर चढलो. त्याचा एक पाय आखूड आहे, म्हणून ही धरून उभी राहिली.

"बुजवताय?"

"गळतोय."

"बुजवा की. मग घुंगरं बघायला मी वरच जात जाईन. मास्तर चहाही बरा करतात म्हणे."

मी नळीचं टोपण न उघडता उतरलो.

"का हो, उतरलात?"

"पाय दुखला."

"हो, पायच असेल."

६. सबब, तिसऱ्या जोडाला कोणीही हात लावू नये. माझे ड्रिल मशीन मी मास्तरांना देत आहे. माझ्या प्रत्येक टोपलीच्या बरोबर वर त्यांनी पन्हळीला एकेक भोक पाडावे. जागा मी पेन्सिलीने आखून ठेवल्या आहेत, कारण मास्तरांचा हात सुरात चालतो, पत्र्यावर नाही. जिवंतपणी हे काम मी करणार नाही आणि करूही देणार नाही. त्यांच्या उपकारावर फुललेली फुलं मला बघवणार नाहीत. मेल्यावर बघायला मी नसेन, ही असेल. तिच्यासमोर पिवळी पानं नकोत.

मास्तरांना अटी: खाली आल्यास माझ्या खुर्चीत बसू नये, त्या स्टुलावर बसावे. स्टुलाचा पाय कोणी दुरुस्त करू नये. सकाळी थेंब पडू लागले की हिला हाक मारू नये. ती आपण होऊन येईल.

हिला एकच अट: गॅलरीत आल्यावर आधी खाली आपल्या टोपल्या बघाव्यात, मग वर. ही अट कोर्टात टिकणार नाही असे वकील म्हणाले. मी कोर्टासाठी घातलेली नाही.

साक्षीदार व्हायला मास्तर स्वतःहून आले होते. ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्ष देऊ नये, असे सांगून त्यांना परत पाठवले. एवढ्या आनंदाने मी कायदा कधी पाळला नव्हता. काय मिळणार ते मात्र सांगितले नाही.

सही करतेवेळी ही दारात येऊन विचारते आहे, "घर दिलंत, पैसे दिलेत. घुंगरांचं काय केलंत?"

"माझ्यामागे थेंब पडले की कळेल."

"इतकी वाट बघायला लावणार असाल तर लावा," म्हणाली, आणि हसली. कान देऊन ऐकले. घरातलेच हसणे होते.

वरील मजकूर मी स्वतः वाचून, डॉक्टर व केशकर्तनवाले यांच्या देखत सही केली. त्यांनी माझ्या देखत केली.

लिहून ठेवणार : (सही) कानवाले, नळजोडणीकार

साक्षीदार :
१. (सही) तळमजल्यावरचे डॉक्टर
२. (सही) कोपऱ्यावरचे केशकर्तनवाले

स्थळ : राहत्या घरची गॅलरी, मधल्या टोपलीजवळ
दिनांक : ७ ऑक्टोबर २०२३