शेत कोण कसतं

१६ मार्च २०१५, सोमवार

गहू गेला! बबीन्याच्या पुढचं आमचं आठ बिघे शेत, सगळं आडवं. गारा पडल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी मार्तंडकाकांनी मला बघायला पाठवलं. इंटर दोनदा नापास झालेल्या पुतण्याला दुसरं काय काम?

शेत काकांच्या नावावर. कसतो विश्वंभर, नऊ वर्षं, अर्ध्या बटईवर. मेहनत त्याची, अर्धं पीक आमचं. त्याची बायको चंपा बांधावर बसून ओंब्या चोळून बघत होती. दाणा काळा. "काए छोटे भैया, सरकार कछू दैहे?"

देईल, म्हटलं. उगाच बोललो. मला काय माहीत?

२४ मार्च

नुकसानीच्या पाहणीला लेखपाल, म्हणजे या हिंदी मुलखातला तलाठी, आला. मोटारसायकलवरून उतरलासुद्धा नाही. "जोत कौन रहा है?"

विश्वंभर, म्हणालो. खरं तेच! भरपाई मिळायची तर ज्याचं पीक गेलं त्याचं नाव नको? लेखपालाने यादीत लिहिलं. विश्वंभर माझ्या मागेच मान खाली घालून उभा होता. संकोचला असेल, असं वाटलं मला.

२५ मार्च

काकांना सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"गाढवा! सरकारी कागदावर कसणाऱ्याचं नाव एकदा चढलं की उद्या जमीन कोणाची? आजोबांचे चाळीस बिघे असेच गेले!"

काकू म्हणाल्या, "अहो, त्याने खरं तेच सांगितलं."

"खरं बोलायला याच्या बापाचं काय जातंय!"

वडील वारले त्याला अकरा वर्षं झाली. काकूंनी ताट वाढलं. जेवण गेलं नाही.

२६ मार्च

झोप नाही.

२ एप्रिल

काकांचं ठरलं. भुसा उचलला की विश्वंभरला काढायचं, दुसरा बटईदार बघायचा. आणि यादीतलं त्याचं नाव आधी रद्द करून घ्यायचं. निरोप मी द्यायचा!

धीर करून विचारलं, "भरपाईतलं अर्धं तरी त्याला?"

"बटई पिकाची असते रे. गारांची नसते."

 

७ एप्रिल

बबीन्यापर्यंत बसमध्ये वाक्यं जुळवत गेलो. तिथे पोचल्यावर एकही आठवेना. पण त्यांना कळलेलंच होतं, गावात अशा बातम्या आधी पोचतात. विश्वंभर खाटेवरून उठला नाही. चंपाच बोलली — "ओरन ने तो गेहूँ लओ, भैया। तुमने खेत लै लओ।" गारांनी गहू नेला, मी शेत.

मग आत गेली आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आली. ते पिणं फार अवघड झालं.

१० एप्रिल

विश्वंभर घरी आला. काकूंनी खुर्ची पुढे केली, बसला नाही.

"साहब, पैसा पूरो आप धरो। खेत न छुड़ाओ।"

काकांनी उठून पंखा बंद केला. मग म्हणाले, "खेत रहेगा। पर तहसील में बोल दोगे, जोतते नहीं हो?"

"बोल दैहों।"

इतकं सोपं! मी मध्ये काही बोलायला गेलो, तर विश्वंभरनेच हाताने थांबवलं. "भैया, तुम रहन दो अब।"

१३ एप्रिल, सोमवार

तहसील. बाबूने विचारलं, शेत तू कसत नाहीस तर कोण कसतं? विश्वंभरने माझ्याकडे बोट केलं. "जे छोटे भैया। हम तो इनके मजूर।"

बाबू माझ्याकडे वळला. सच है?

चंपा दारातून माझ्याकडे बघत होती. जी, म्हणालो.