मामंजींची चिंच

मामंजी,

तुम्ही जाताना चिंच भुईत लावायला सांगितली होती आणि मी हो म्हटलं होतं. त्यानंतर कितीतरी वर्षं ती गच्चीवर ट्रेमध्येच राहिली. मध्यंतरी तिचं काय करायचं ते ठरवावंच लागलं, म्हणून हे लिहायला बसले. घरात सगळे तुम्हाला अण्णा म्हणायचे, मी एकटी मामंजी, आणि आपल्यात बोलणं तसं बेताचंच होतं. चहा झाला का, गोळी घेतली का, गेट लावलं का. बाकी जे काही बोललो ते झाडांवरून. हे पत्र टपालात पडणार नाही हे उघडच आहे, त्यामुळे लिहायला सोपं जातंय.

चिखलीची जमीन प्लॉटिंगला गेली तेव्हा तुम्ही रोज सकाळी आंघोळ करून, टोपी घालून तिथे जाऊन उभे राहायचात. वॉचमनला विहीर कुठे होती ते दाखवायचात. तो बिचारा परमुलखातला, त्याला विहिरीचं काय. सासूबाई आधीच गेल्या होत्या, तुमचा मुलगा शिफ्टला, मी चाकणला कंपनीत परचेसला. दिवसभर बोलायला तुम्हाला घरात कोणी नसायचं. एका रविवारी मी तुम्हाला स्कूटरवर मागे बसवून चिंचवडला बोन्सायच्या प्रदर्शनाला नेलं. खरं तर मलाच बघायचं होतं, तुम्ही आपलं निमित्त. टेबलावर हातभर उंचीचा वड आहे, पारंब्या सुटलेला. तुम्ही हात मागे बांधून, बाजारात बैल बघावा तसे सगळ्या बाजूंनी त्याला बघताय. मग शेजारच्या बाईंना विचारता, "ह्याला काय झालंय? आजारी हाय का?" त्या बोन्साय क्लबच्या मॅडम, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. म्हणाल्या, "आजारी नाही काका, चाळीस वर्षांचा आहे." त्यावर तुम्ही, "चाळीस वर्सं? मग खायला देत न्हाई व्हय तुमी?" मॅडम हसल्या आणि तिथल्या तिथे आपल्या दोघांना क्लबात घेऊन टाकलं.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बागेतल्या हॉलमध्ये सगळे जमायचे. निवृत्त साहेब लोक, त्यांच्या बायका, दोन-तीन शिक्षिका, एक दातांचे डॉक्टर. सगळ्यांची रोपं नर्सरीतली, कुंड्या चकचकीत. तुम्ही ऑइलच्या डब्यात चिंचेचं रोप घेऊन आलात. बांधावरची मोठी चिंच लेआउटवाल्यांनी पाडली त्या दिवशी तिच्या खाली उगवलेलं हे रोप तुम्ही मातीसकट उचलून आणलं होतं. जागेसाठी तुम्ही रडलात असं मी कधी पाहिलं नाही, पण त्या डब्याला कोणी हात लावलेला तुम्हाला चालायचा नाही.

आता इतकी वर्षं नवशिक्यांना शिकवल्यावर मी सांगू शकते, मामंजी, की आमच्या क्लबात तुमच्याइतका वाईट विद्यार्थी झाला नाही. फांदी वळवायला तार गुंडाळायला सांगितली की तुम्ही सैल गुंडाळायचात, झाडाला लागेल म्हणून. छाटायला सांगितलं की एखादं पान खुडून दाखवायचात. आणि खत. बोन्साय उपाशी ठेवत नाहीत, मोजून खायला देतात, हे मॅडमनी नाना प्रकारे समजावलं, पण तुमच्या लेखी मोजून घालणं म्हणजे उपाशीच ठेवणं. दुपारी घरात कोणी नसलं की भावकीतल्या गोठ्यातून आणलेलं शेणखत तुम्ही मुठीने घालायचात. चिंच तरारून वर जायची. एका रविवारी मॅडमनी सगळ्यांसमोर डब्यातली माती उकरली आणि वास घेतला.

"काका, हे काय?"

"माती."

"यात शेणखत आहे."

"आसंल. वाऱ्यानं आलं आसंल."

हॉलभर हशा झाला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्हाला झाडं मोठी करायची असतील तर इथे येऊन उपयोग नाही." येताना स्कूटरवर सिग्नलला थांबलो तेव्हा मागून आवाज आला, "बाईंचं बी बरोबर हाय, पोरी. पन पान पिवळं दिसलं की मला घास गोड लागत न्हाई." मला तुमची दया आली आणि रागही आला, कारण आता मला क्लबातून काढतात की काय अशी भीती वाटत होती. मला तिथे फार आवडायला लागलं होतं. मी दापोडीतल्या चाळीत वाढलेली, आमच्याकडे तुळससुद्धा खिडकीच्या गजाला बांधलेल्या डब्यात असायची. लहान जागेत झाड जगवायचं यात मला काही क्रूर वाटलं नाही, आजही वाटत नाही.

मुळं छाटायची वेळ आली तेव्हा तुम्ही सरळ नकार दिलात. मग मीच बसले, स्वयंपाकघरात, फरशीवर वर्तमानपत्रं पसरून. ट्रेमध्ये भरायचा विटांचा चुरा सासूबाईंच्या पिठाच्या चाळणीने चाळला. डबा कापून चिंच बाहेर काढली तर मुळांचं नुसतं वेटोळं झालेलं. तुम्ही दारात उभे आहात. मी कात्री उचलते तसे तुम्ही चपला घालता आणि जिना उतरून निघून जाता. संध्याकाळी आलात तेव्हा चिंच ट्रेमध्ये बसली होती, तुम्ही तिच्याकडे बघितलं नाहीत. खिशातून एक खुरपं काढून ओट्यावर ठेवलंत, खेळण्यातलं वाटावं एवढंसं. "लोहाराकडनं करून घेतलं. चमच्यानं काय उकरती?" एवढं बोलून हात धुवायला गेलात. माझ्या माहेरी सासरी मिळून मला इतकी नेमकी वस्तू दुसऱ्या कोणी दिलेली नाही.

शेवटच्या महिन्यात तुमची खाट गॅलरीत टाकली होती. संध्याकाळ झाली होती, चिंचेची पानं मिटायला लागली होती. तुम्ही म्हणालात, "माझ्यामागं ह्याला भुईत लाव. लय उपाशी ऱ्हायलंय." मी हो म्हटलं. माणूस अशा अवस्थेत असताना दुसरं काय म्हणणार?

पण मी लावली नाही. विसरले नव्हते. तुम्ही गेलात तेव्हा ती एक लुकडी, उंच, आकार नसलेली काडी होती. तिचा शेंडा मी उतरवला, एकेक फांदी वळवली, तार खोडात रुतायच्या आत सोडवली, एका बाजूची फांदी पावसाळ्यात गेली तेव्हा दुसरीला तिच्या जागी आणायला कितीतरी वर्षं घालवली. कंपनीत मी दिवसभर दुसऱ्यांनी ठरवलेले पार्ट मागवते. घरात जे शिजतं ते रात्रीपर्यंत संपतं. ही चिंच तेवढी मी केलेली होती. प्रदर्शनात लोक तिच्यापुढे थांबायचे, मोबाईल काढायचे आणि हळू आवाजात बोलायचे. तुमचा मुलगा अधूनमधून म्हणायचा, "अण्णांनी काहीतरी सांगितलं होतं ना?" मी म्हणायचे, "बघू पावसाळ्यात." पावसाळे येत गेले.

यंदा चिखलीचं घर बिल्डरला दिलं. नवं होईपर्यंत आम्ही नवव्या मजल्यावर भाड्याने राहतोय, आणि बाल्कनीत ऊन येतच नाही. बाकीची झाडं क्लबातल्या लोकांनी वाटून घेतली. चिंच न्यायला मॅडम स्वतः आल्या. आता काठी घेऊन चालतात, पण नजर तीच. म्हणाल्या, "जमिनीत लावलीस तर दोन वर्षांत कोणाला कळणारही नाही की हे बोन्साय होतं. माझ्याकडे दे. मी नीट ठेवीन." त्या ठेवतील याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. त्यांनी ट्रे फिरवला, डोळे बारीक केले, डावीकडच्या फांदीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ही मात्र काढावी लागेल." तीच फांदी, जी जागेवर आणायला मला एवढी वर्षं लागली. मी म्हटलं, "मॅडम, सासऱ्यांची इच्छा होती. भुईतच लावायचीय." त्या मान डोलावून चहा पिऊन गेल्या. तर मामंजी, तुमची इच्छा अशी पुरी झाली. तुमच्यासाठी नाही. माझं झाड दुसऱ्या कोणी छाटलेलं मला बघवलं नसतं.

धाकट्या भाऊजींनी चऱ्होलीला थोडी जागा राखलीय, तिथे कुंपणालगत खड्डा घेतला. भाऊजींनी त्यात शेणखताची अख्खी पाटी ओतली, ते कोणावर गेलेत हे सांगायला नको. तुमच्या मुलाचे डोळे भरून आले. "अण्णांचं तू ऐकलंस," म्हणाला. मी खड्ड्यात माती लोटत राहिले. पाऊस लागला तशी चिंचेने चारी बाजूंनी धुमारे टाकले, खोड फुगलं, आणि माझ्या फांद्या कोणत्या हे मलाच शोधावं लागलं. तुम्ही असतात तर फार खूश झाला असतात. मी नाही झाले. जेवायला बसले की मला त्या धुमाऱ्यांची आठवण येते.

परवा भाऊजींचा फोन आला. म्हणाले, "वहिनी, चिंच वरून वाढंनाच गेली. शेंडं कुणीतरी खातंय. शेळी शिरती वाटतं कुंपनातनं. जाळी मारून घेतो." मी म्हटलं, "घ्या मारून." कंपनीच्या बसमधून मी अधूनमधून आळंदी फाट्याला उतरते आणि तिथून रिक्षाने चऱ्होलीला जाते, हे घरी कोणाला ठाऊक नाही. तुम्हाला सांगते. ती शेळी मीच आहे.