नजरेआडचं घर

सोमवार, ४ जानेवारी १९९९

निवृत्तीनंतर पुन्हा नोकरी! कॉन्व्हेंटमध्ये शिकले, पुढे कॉन्व्हेंटमध्येच इंग्रजी शिकवत केस पिकवले, आणि आज जयनगरच्या चौथ्या ब्लॉकात एका बेकरीच्या माडीवर, व्हिडिओ गेम करणाऱ्या मुलांमध्ये जाऊन बसले. ताज्या पावाचा वास थेट टेबलापर्यंत येतो. काम आनंदाचं आहे. गेममधलं इंग्रजी तपासायचं, आणि खेळून बघून काय खटकतं ते सांगायचं.

प्रमुख शंतनु पुण्याचा, अजून तिशीसुद्धा गाठलेली नाही. चित्रं करणारी हर्षिता इथलीच, आपल्यासारख्या, कानडी मुलखात रुजलेल्या जुन्या मराठी घरातली. तिने पहिल्याच तासाला मला वीणाक्का करून टाकलं. एका परदेशी कंपनीचा जुना गेम आहे. एक मूल सुटीत दोन म्हाताऱ्या मावश्यांकडे येतं आणि घरभर लपवलेल्या वस्तू शोधतं. जुन्या यंत्रावर ते घर सपाट चित्रासारखं होतं. आता नवं यंत्र बाजारात येणार, त्यावर चारी बाजूंनी फिरता येईल असं घर उभं करायचं आहे. नमुन्याला घर मिळत नव्हतं. मी म्हटलं, आमचं घ्या की, दोन म्हाताऱ्यांसकट.

रविवार, १० जानेवारी

हर्षिता कॅमेरा घेऊन आली. लाल गिलाव्याची जमीन, अप्पांची वेताची खुर्ची, पितळी पेले, सगळ्याचे फोटो घेतले. माझ्या थोरल्या बहिणीच्या, राजलक्ष्मीअक्काच्या, चेहऱ्याचे सर्व बाजूंनी, मग माझे. अक्का नव्वारी नेसून, पावडर लावून बसली होती. आई गेल्यावर हिनेच माझ्या वेण्या घालून मला शाळेच्या बसमध्ये बसवलं, स्वतः लग्न केलं नाही. तिचा चेहरा कुणी एवढ्या प्रेमाने टिपतंय, याचंच मला सुख.

अक्काची एकच कुरकुर. शेजारी साखर मागायला आले तरी आई डबा कधी रिता करत नसे, चार दाणे मागे ठेवत असे. तसं एखादा कोपरा तरी ठेव, म्हणाली. "सगळं घर देऊ नये गं, स्वल्प मागे राहू दे." मी हसले. देवघराच्या मागची बोळकंडीसुद्धा हर्षिताला उघडून दाखवली.

गुरुवार, ४ फेब्रुवारी

आज पडद्यावर आमचं घर पाहिलं. व्हरांड्यात अक्का बसलेली, आत ओट्याशी मी. डोळे भरून आले. पण गेम अडखळत चालतो. मूल वळलं की घर हिसके खातं. शंतनुने समजावलं की यंत्र नवं आणि ताकदीचं असलं तरी त्याची स्मरणशक्ती बेताची, आणि चित्र क्षणोक्षणी नव्याने रंगवावं लागतं. म्हणून काटछाट. सारख्या वस्तू असतील तर एकच बनवून जागोजागी मांडायची. लांबच्या वस्तूंचे बारकावे गाळायचे. आणि जे खेळणाऱ्याच्या पाठीमागे आहे ते रंगवायचंच नाही. कुणी बघत नसताना कशाला मेहनत, म्हणाला. मला हे हुशारीचं वाटलं.

बुधवार, १७ फेब्रुवारी

आमच्या प्रत्येक पितळी पेल्याला वेगळा पोचा आहे. त्यावरून कुठला कुणाचा ते कळतं. आज कॉफी ओतताना पाहिलं तर सगळ्यांना एकाच ठिकाणी, एकच पोचा. अक्काला दाखवलं. तिच्या मते पहिल्यापासून तसेच. मग खिडक्या पाहिल्या. तडा फक्त पुढच्या काचेला होता, आता प्रत्येक काचेला तोच तडा. कुंपणावर दोन कावळे बसले होते. एकदमच मान वळवत होते.

कचेरीत सांगितलं की गेममधले पेले एकसारखे करू नका. शंतनु हसला. "मॅडम, पेल्याचा पोचा कोण बघतं?" मी बघते, म्हटलं. त्याने मान डोलावली आणि केलं काहीच नाही.

मंगळवार, २ मार्च

शुक्रवारी संध्याकाळी फाटकातून आत आले. अक्का व्हरांड्यात नेहमीच्या जागी बसलेली, आणि तिला चेहरा नव्हता. नाक नाही, ओठ नाहीत, नुसता गुळगुळीत कातडीचा रंग. मी चालत गेले. तुळशीपाशी पोचल्यावर तिचे डोळे वर आले, मग नाक, मग सुरकुत्या. इतका उशीर का, तिने विचारलं.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात नजर ठणठणीत आहे. कामाच्या चंद्राबाईंना फाटकाबाहेर नेऊन दाखवलं. त्यांना काही वावगं दिसेना. "वय झालं की असंच वाटतंय, वीणाक्का," वर हेही ऐकवलं.

आज गेममध्ये मुलाला मुद्दाम फाटकापर्यंत मागे नेलं. मावशीचा चेहरा पुसला गेला. हर्षिता म्हणाली, हो, गेल्याच आठवड्यात केलं, किती हलकं झालं बघा.

मंगळवार, ९ मार्च

भांडले. चेहरा परत घाला, एवढंच मागितलं. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, बनपाव मागवला, आणि नाही म्हटलं. शंतनु म्हणाला, प्रत्येकाला आपलं काहीतरी ठेवायचं असतं, असं ठेवत बसलो तर गेम चालणार कसा. जन्मभर मुलांना ऐकायला शिकवलं, आणि आता या वयात माझंच कुणी ऐकत नाही. परत येताना रिक्षात रागाने रडले.

गुरुवार, १८ मार्च

अक्का स्वयंपाकघरात गुणगुणत होती. मी पाठ फिरवली, आवाज तुटला. स्टोव्हचासुद्धा. वळले, तर अर्ध्या शब्दापासून पुढे सुरू. पुन्हा पाठ फिरवली. पुन्हा शांत.

मी बघत नव्हते तेव्हा काय करत होतीस, असं विचारलं. ती आठवायला गेली. मग पदर तोंडाशी धरला. "मधलं काही नाहीच गं, वीणे."

आता मी तिला नजरेआड होऊ देत नाही.

मंगळवार, २३ मार्च

हात गेले. बोटं एकमेकांना चिकटली आहेत, नुसता पंजा. गजरा ओवता येत नाही तिला. मांडीवर फुलं घेऊन बसली होती.

शुक्रवारी गेमची शेवटची तबकडी परदेशी जाणार. नंतर कुणालाच काही बदलता येणार नाही. रामरक्षा म्हटली. सिस्टरांनी शिकवलेली प्रार्थनाही म्हटली. डोळे मिटले नाहीत. मिटायची हिंमत —

गुरुवार, २५ मार्च

अक्काचा हात धरून कचेरीत नेलं. तिचे पंजे त्यांच्या टेबलावर ठेवले. ते नमस्कार करून हसले. दिसतच नाही त्यांना.

मग विनवलं नाही. वर्गात विचारावं तसं विचारलं. हिचा चेहरा, बोटं, पाठीमागचं जगणं, सगळं परत द्यायला काय लागेल? जागा, शंतनु म्हणाला. एक अख्खं पात्र उचलावं लागेल. दुसरी मावशी. "पण मॅडम, ती तर तुम्ही आहात."

सरी, म्हटलं. चालेल.

अक्का भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती. तिला ऐकू गेलं नसावं. हर्षिताने मान खाली घालून एक बटण दाबलं.

शुक्रवार, २६ मार्च

बोटं सुटली. मी व्हरांड्यात बसले आहे, पाठ घराकडे, आणि आत ती गातेय. थांबत नाही. पूर्ण ओळ.

चंद्राबाईंनी एकच ताट वाढलं. माझं मागितलं. माझ्या अंगावरून झाडू नेला — एवढ्या घरात एकटीला भीती नाही वाटत का, असं अक्काला विचारत होत्या.  अक्का म्हणाली, सवय झाली.

कॉफीचा पेला उचलता येईना. पेन अजून —

अक्का बाहेर येतेय. इकडे बघ. अगं, इकडे, मी —

कुणाची ही वही, म्हणतेय. उचलली. मी अजून लिहितेय गं, पान नको उलटू — तिचा हात कागदावर. प्रत्येक बोट वेगळं. करंगळीवरचा भाजल्याचा डागसुद्धा परत आ