माझे नवे दात आणि ह्यांची वाटी

३ जून, सकाळ
मी बोलते, नात लिहिते. मला अक्षरं येत नाहीत, दम देता येतो. आज हाडात पिळलेल्या स्क्रूंवर पक्के दात चढले. मिक्सरमधला लगदा बंद! आता टेबलावर, सगळ्यांबरोबर, सगळ्यांचंच जेवण. हेही बोळकेच, पण सुईला भितात. म्हणाले, मग लगदा मी एकट्यानंच खायचा का? म्हटलं, खा बापडे.

५ जून
डॉक्टरीणबाईंनी गालावर बोटं ठेवली. म्हणाल्या, दात दाबा आजी. दाबले. म्हणाल्या, दाबा ना. अहो, दाबलेतच! म्हणे दात नवे, पण चावायचे स्नायू वर्षानुवर्षं बसून सुकलेत. रोज ही रबरी नळी चावा. माझ्या तोंडाला व्यायाम? सुनेला विचारा म्हटलं. सून जरा जास्तच हसली.

९ जून
नळी उद्यापासून. आज शेंगदाणे. जीभ चावली. नव्या दातांना कळतच नाही खाली शेंगदाणा आहे की जीभ. शेंगदाणेच जुने असावेत.

१५ जून
सगळे जेवून उठले, माझं निम्मंही झालं नव्हतं. सुनेनं माझ्या ताटाभोवतीनं टेबल पुसलं. सावकाश जेवणं तब्येतीला चांगलं.

२२ जून
शोध लागला. घास मी अजून जिभेनं टाळूवर चेपते आणि गिळते. दातांपर्यंत तो पोचतच नाही. म्हणजे दात कोरे राहिले, टिकतील. नळी खिडकीत आहे. सोमवारपासून नक्की.

२ जुलै
दवाखान्यातून फोन. आजी, समाधान दहापैकी किती? हे समोर लगद्याची वाटी घेऊन बसलेले, कान माझ्याकडे. म्हटलं, दहा. कडक पदार्थ जमतात का? म्हटलं, दगड आणा.

८ जुलै, दुपार
काल सफरचंदाची फोड अख्खीच घशात गेली. मुलानं पाठीत धपाटे घालून काढली. पुरे झालं नाटक. आज ह्यांच्या शेजारी बसेन, त्यांच्याच वाटीतलं खाईन, खरं काय ते सांगेन. खूश होतील.

८ जुलै, संध्याकाळ
हे मुलाबरोबर बाहेरून आले. गाल हा एवढा, तोंडात कापूस. स्क्रू पिळून घेऊन आले! म्हणे, तुझं दहापैकी दहा ऐकलं आणि धीर आला. जन्मभर सुईला भ्यायलेला माणूस, वर हसत होता. सुनेनं दोघांपुरता मिक्सर लावला. त्या घरघरीतच मी सगळं खरं सांगून टाकलं. मिक्सर थांबला. ह्यांनी कापसातून विचारलं, काय म्हणालीस? ऐकू नाही आलं.
म्हटलं, काही नाही. दात चढले की आधी शेंगदाणे खा.