फायरमनची मुलगी

तीर्थरूप बाबा,

तुमच्या पाया पडते. आम्ही तिघं मजेत आहोत. बर्मिंगहॅमला अजून फारशी थंडी नाही, काळजी करू नका. डोळ्यांत ड्रॉप्स नियमित घालताय ना?

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितेय. खरं तर तोंडाने सांगायची लाज वाटते.

नोकरीला लागले तेव्हा हॉस्पिटलमध्ये सांगितलं होतं, माझे वडील फायरमन होते. इथे फायरमन म्हणजे आगीचा बंब घेऊन जाणारा. सगळे म्हणाले, केवढं धाडसाचं काम. मी तो गैरसमज तसाच राहू दिला. पुढे अन्वीलाही तेच सांगितलं.

रविवारी आम्ही जवळच्या जुन्या वाफेच्या गाडीत बसायला गेलो होतो. इंजिनात कोळसा टाकणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांना अन्वी म्हणाली, माझे आजोबापण इंडियात फायरमन होते. त्यांनी हातमोजा काढून तिच्याशी शेकहँड केला आणि विचारलं, कुठल्या इंजिनावर?

"इंजिन नाही, ते आग विझवायचे," असं म्हणून ती माझ्याकडे बघायला लागली. मग त्यांच्यासमोरच तिला खरं सांगावं लागलं, की तुम्हीही त्यांच्यासारखेच रेल्वेच्या इंजिनात कोळसा टाकायचात.

भुसावळला डिझेलची इंजिनं आली, तुमचे हात काळे व्हायचे थांबले, तेव्हा घरात सगळ्यात खूश मीच होते. तुम्ही त्या दिवशी जेवला नव्हतात.

त्या गृहस्थांनी मग मला विचारलं, कुठलं इंजिन होतं? मला सांगता आलं नाही. बाबा, मी तुम्हाला कधी विचारलंच नव्हतं. आता विचारते.

तुमची
देविका